उपलब्ध आहे, मिळणार नाही

३ फेब्रुवारी

टिचके,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन मी उघडला आणि त्याचा स्पीकर काढून तुझ्या मामीच्या डबीत घातला, म्हणून हा कागद-पेनाचा खटाटोप.

आज पेपरात तुमच्या कंपनीची जाहिरात आलीये. चांगली पाव पान! ‘हातात धरायच्या यंत्रांसाठी नवे, वेगवान मोबाईल प्रोसेसर आणि त्यांचे डेव्हलपमेंट किट आता उपलब्ध.’ खाली बारीक अक्षरात ‘उपलब्धता विभाग’. अगं, हा तर तुझाच विभाग की! मी मामीला म्हटलं, बघ, माझ्या भाचीने नाव काढलं. त्यावर मामी काय म्हणाली ते मार्चमध्ये कळेल.

तुला नीट काही माहीत नसेल म्हणून पहिल्यापासून सांगतो. घशाच्या ऑपरेशनमध्ये मामीचा आवाज गेला, तो गेलाच. जन्मभर बस डेपोत ‘कृपया लक्ष द्या’ म्हणणारी बाई एकदम गप्प. घर कसं खायला उठायचं ते तुला काय सांगू! पण तिच्या डेपोतल्या जुन्या टेपा माळ्यावर पडल्या होत्या, आणि मीही काही रेडिओ उगाच दुरुस्त केले नाहीत इतकी वर्षं. टेपांतून एकेक शब्द कापून काढला, जो नव्हता तो अक्षरं जोडून केला, सगळे एका प्रोसेसरमध्ये भरले, त्याला बटणं जोडली आणि सगळं एका साबणदाणीत बसवलं. मामी बटणांवर लिहिते, डबी तिच्याच आवाजात बोलते. आवाज डेपोतला असल्यामुळे प्रत्येक वाक्याआधी ‘कृपया लक्ष द्या’ येतंच. ते मला काढता आलं नाही. खरं सांगू? काढावंसं वाटलंही नाही.

घोडं अडलंय ते वेगापाशी. प्रोसेसर एका मोडक्या खेळण्यातला आहे. एकेक शब्द शोधत बसतो. डबी एक वाक्य बोलेपर्यंत मामी चार लिहून मोकळी. उरलेली रांगेत उभी. मागे रांग दोन-चार वाक्यांची होती, आता महिनाभराची झालीये. काल डबी ओरडली, ‘कृपया लक्ष द्या. दूध उतू जात आहे.’ मी धावलो. गॅसवर काहीच नव्हतं. ते नवीन वर्ष लागलं त्या आठवड्यातलं दूध. नळ गळतोय म्हणते, तेवढं मात्र आजही खरं.

कागदावर लिहून दे म्हटलं तर डोळे वटारते. एकदाच लिहून दिलं तिने: ‘कागदावर अर्ज होतो, भांडण होत नाही.’

तर मला त्यातलं एक किट हवंय. सुटा प्रोसेसर नको, त्याचे पाय मुंगीच्या पायाहून बारीक, माझे हात आता तेवढे स्थिर राहत नाहीत. किटमध्ये तो पट्टीवर बसवलेला असतो, नुसत्या वायरी जोडायच्या. एकच दे. आपल्याच घरची मुलगी त्या विभागात असताना मी दुसऱ्या कुणाकडे तोंड वेंगाडायचं?

तुझा मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

तुला नमस्कार, आणि मामीलाही. तिचा उलट आशीर्वाद सावकाश येऊ दे, घाई नाही.

किटचं म्हणशील तर ते उपलब्ध आहे, म्हणूनच देता येत नाही. हसू नकोस. मीही पहिल्या दिवशी हसले होते, मग साहेबांनी बसवून समजावलं.

आमच्याकडे किट एकच आहे. काचेच्या कपाटात, कुलपात, वर छोटा दिवा. ते तिथे आहे तोवर ते उपलब्ध आहे. कुणाला दिलं की संपलं, आणि संपलं की आमची जाहिरात खोटी पडली. साहेब म्हणतात, ‘आपण विक्री विभाग नाही. आपण उपलब्धता विभाग आहोत.’ मी विचारलं, मग विक्री विभाग कुठे बसतो? म्हणाले, ‘तो सध्या उपलब्ध नाही.’

माझं काम म्हणजे दर सोमवारी नवीन मजकूर लिहायचा. मागच्या सोमवारी ‘आता उपलब्ध’, या सोमवारी ‘अजूनही उपलब्ध’. लोक लांबून येतात, कपाटाभोवती फिरतात, फोटो काढतात, खूश होऊन जातात. एक इंजिनियर तर रोज दुपारी कपाटासमोर बसून डबा खातो आणि हात पुसून परत कामाला जातो. त्याचं म्हणणं, नुसतं बघूनच त्याचं अर्धं यंत्र झालंय.

मी साहेबांना विचारलं तुझ्यासाठी. नाही म्हणाले.

पण मामा, तू एक करून बघ ना. डबीत जे साठलंय ते सगळं पुसून टाक. रांग रिकामी झाली की ती परत लवकर बोलायला लागेल. महिन्याभराच्या दुधाचं आणि नळाचं काय एवढं जपायचं?

तुझी टिचकी


२० फेब्रुवारी

टिचके,

पुसून टाक म्हणे! अगं, बायकोचं बोलणं ऐकून विसरणारे नवरे गल्लोगल्ली सापडतील. ऐकायच्या आधीच पुसणारा मी पहिला ठरेन. ती बोललीये ते. रोज बोटं दुखेपर्यंत बसून बोललीये. मी कसा हात लावू त्याला?

आणि पुसलं तरी काय होणार? चार दिवसांनी परत तेच. ती बोलायची थांबणार नाही आणि थांबावी असं मला वाटत नाही.

इथे रोज काय तमाशा चालतो ते तुला तिथे दिव्याखाली बसून कळायचं नाही. मागच्या बुधवारी समोरचे प्राध्यापक आले होते, त्यांचे भाऊ वारले म्हणून मीच त्यांना घरी बोलावलं होतं. बिचारे डोळ्याला रुमाल लावून बसलेले, आणि डबी म्हणाली, ‘कृपया लक्ष द्या. रडगाणं पुरे. आता ऊठ.’ ते मला होतं, जानेवारीत, माझी कंबर दुखत होती तेव्हाचं. प्राध्यापक उठले ते थेट घरी. मी मागे धावत समजावतोय, ते वळून बघायला तयार नाहीत.

भांडणाचं तर विचारूच नकोस. डबी मला काहीतरी सुनावते, मी तावातावाने उत्तर देतो, आणि मामी माझ्याकडे बघत राहते. तिला आठवतच नाही कधी काय म्हटलं होतं. मग मला वेड्यात काढते, तेही डबीवर, म्हणजे मला कितपत वेड्यात काढलं ते मला दीड महिन्याने समजणार!

मध्येच डबी म्हणते, ‘कृपया लक्ष द्या. ते राहू दे. इथे येऊन बस.’ ते मांजरीला असावं. ती सारखी सोफ्याच्या कडा ओरबाडायची. आता तीही नाही, डेपोच्या आवाजाला कंटाळून गेल्या आठवड्यात शेजारच्या शिंपिणीकडे राहायला गेली. खिडकीतून आमच्याकडे बघते पण येत नाही.

टिचके, हसण्यावारी नेऊ नकोस. ही रांग रोज वाढते. आज दीड महिना, उद्या वर्ष होईल. माझं वय तुला माहीत आहे. हिने आज म्हटलेलं ऐकायला मी असेन का, सांग मला. मला तिचं आजचं आज ऐकायचंय, बाकी मला काही नको. मी रोज संध्याकाळी टेबलाशी बसून त्या खेळण्यातल्या प्रोसेसरला झोडपतोय, पण त्याचा जीव तो केवढा!

आणि एक सांगू? तू साहेबांना विचारलंच नाहीस. लहानपणी कपबशी फोडून ‘आपोआप पडली’ म्हणायचीस तेव्हा जेवढं छोटं वाक्य असायचं, तेवढंच ‘नाही म्हणाले’ आहे.

तुझा मामा


१८ मार्च

मामा,

नव्हतं विचारलं. मी अजून इथे कायम झालेले नाही, आणि आमच्या विभागात किट मागणाऱ्या कर्मचाऱ्याकडे लोक चोराकडे बघावं तसं बघतात. तुझं पत्र आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सरळ केबिनमध्ये शिरले आणि सगळं सांगितलं. मामी, डेपो, साबणदाणी, दूध, सगळं.

साहेब हळवे झाले. खरंच झाले, चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘अशा माणसासाठी तर ते उपलब्ध असायलाच हवं.’ मी म्हटलं, मग देऊ? म्हणाले, ‘देऊन कसं चालेल? मग ते त्यांच्यासाठी तरी उपलब्ध राहील का?’ मी डोकं धरून बाहेर आले.

पण परवा वरून हुकूम आला की उपलब्धता फक्त मोठ्या शहरात नको, लहान गावांतही पोचली पाहिजे. त्यासाठी दुसरं एक किट काढलंय, आणि साहेबांना ते ठेवायला जागा हवी आहे. अटी मी स्वतः टाइप केल्या, मामा. कोरडी खोली. काचेचं कपाट. वर दिवा. येणाऱ्याला ‘आहे’ म्हणून सांगायला एक जबाबदार माणूस. किटला कुणी हात लावायचा नाही. बस. कपाटाला मागची फळी हवीच असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि ती खोली कुणाचं स्वयंपाकघर असू नये असंही नाही.

मी तुमचं नाव दिलंय.

साहेब पुढच्या आठवड्यात जागा बघायला स्वतः येतील. भिंतीला रंग दे. नळाचं वायसर बदल. आणि ते आल्यावर मामीला डबीवर काही लिहू देऊ नकोस, मी पाया पडते.

तुझी टिचकी


२ एप्रिल

टिचके,

मामीला लिहू देऊ नकोस म्हणालीस. अगं वेडे, तिने त्या दिवशी बटणाला बोटही लावलं नाही, बिचारी हाताची घडी घालून बसली होती. पण डबीत फेब्रुवारी भरलेला होता, त्याचं काय करणार होतो मी?

तुझे साहेब आले. हातात फूटपट्टी, बरोबर कपाट घेऊन दोन माणसं. भला माणूस वाटला. दारात उभे राहिले तोच डबी म्हणाली, ‘कृपया लक्ष द्या. पाय पुसा.’ त्यांनी पुसले. मग भिंतीला हात लावून विचारलं, जागा कोरडी आहे ना? मी हो म्हणायच्या आत, ‘कृपया लक्ष द्या. नळ गळत आहे.’ माझं पाणी पाणी झालं. साहेब मोरीत गेले, नळाखाली तळहात धरून बराच वेळ उभे राहिले. नळ मी तू सांगितल्यावर लगेच दुरुस्त केला होता. बाहेर आले तर चेहरा उजळलेला. म्हणाले, ‘तुम्ही घोषणेची व्यवस्था आधीच करून ठेवलीत? आमच्या मुख्य कार्यालयातही नाही ही.’

मी मान हलवली. मामी पदर तोंडाला लावून हसत होती.

मग ते कागद घेऊन बसले. पेन उघडलं आणि अडले. खोली तशी लहान आहे, इथे स्वयंपाकही होतो, वाफ असते, असं काहीबाही पुटपुटायला लागले. मला वाटलं, झालं, गेलं हातचं. तेवढ्यात डबी कडाडली, ‘कृपया लक्ष द्या. उगाच घोळ घालू नका. सही करा आणि जा.’ ते कुरियरवाल्याला होतं गं, तो पार्सल न्यायला आला होता आणि पावतीवर सही करायला पेन शोधत दारातच चाचपडत बसला होता त्या दिवशीचं! साहेब ताडकन उठले, उभ्याउभ्या सही केली आणि गेले. जाताना डबीला ‘येतो’ म्हणाले.

तर किट आमच्या ओट्याशेजारी कपाटात आहे, उपलब्ध आहे, आणि मी त्याला हात लावलेला नाही. वायर लावली. मागून.

आता पुढचं लिहितो ते नीट वाच.

जुन्यातलं साठलेलं सगळं मी नव्यात ओतलं. म्हटलं, घाईघाईत का होईना, तिचं बोलणं एकदा ऐकून होईल, मग आजपासून आजचं. बटण दाबलं. टिचके, काय सांगू! धरण फुटल्यासारखं सुरू झालं. फेब्रुवारीतली वरणाची फोडणी, मार्चमधली माझी दाढी, चष्मा डोक्यावर आहे, चष्मा अजूनही डोक्यावर आहे, खिडकी लाव, खिडकी कशाला लावलीस. मी मध्ये उभा राहून नुसता ‘हो, हो’ करतोय. आणि दर थोड्या वेळाने तेच, ‘कृपया लक्ष द्या. ते राहू दे. इथे येऊन बस.’

पहिल्यांदा मी म्हटलं, मांजर. मग परत आलं. परत आलं. मांजर तर फेब्रुवारीतच शिंपिणीकडे गेली होती. हे मार्चमधलं चाललं होतं. दिवसभराची बोलणी संपली की शेवटी हे, मग दुसऱ्या दिवसाची सकाळ, मग शेवटी परत हे. एकही दिवस सुटला नाही. प्रत्येक संध्याकाळी ती सोफ्यावर बसून हे लिहीत होती, आणि प्रत्येक संध्याकाळी मी तिच्याकडे पाठ करून टेबलाशी बसलो होतो, तिचा आवाज लवकर यावा म्हणून!

रांग संपली. घरात अगदी शांत झालं. मी तसाच उभा, हातात पक्कड. मामीने डबी उचलली, दोन-चार बटणं दाबली, आणि तिचं बोट वर उचलायच्या आत आवाज आला, ‘कृपया लक्ष द्या. उभा काय राहिलास?’

मी जाऊन बसलो. रडलो, लपवत नाही. पक्कड तिने काढून घेतली हातातून.

बाकी पुढच्या पत्रात. ती हाक मारतेय, आणि लगेच ऐकू येतेय.

तुझा मामा


९ जून

मामा,

घाईत लिहितेय, पण घाबरू नकोस, शेवटपर्यंत वाच.

कंपनीचा आणखी नवीन प्रोसेसर निघालाय, अजून वेगवान. सोमवारपासून तो उपलब्ध आहे. म्हणजे तुमच्या कपाटातला अनुपलब्ध झाला. साहेबांचं पत्र तुम्हाला येईलच, ‘अनुपलब्ध वस्तू उपलब्धतेच्या कपाटात ठेवता येणार नाही.’ ते वाचलं आणि पळत केबिनमध्ये गेले, म्हटलं, साहेब, तिथे एक बाई त्या किटमधून बोलते.

साहेबांना धक्काच बसला. ‘तुम्ही ते वापरता?’ मी म्हटलं, हो, आणि काढायचं असेल तर मलाही काढा. बोलून गेले आणि मग आठवलं, मी अजून कायम नाही.

साहेबांनी कपाटाचा कागद काढून तारखा तपासल्या. मग म्हणाले, ‘ते उपलब्ध होतं तेव्हा वापरलं असेल तर गंभीर आहे. पण आता ते उपलब्धच नाही. जे उपलब्ध नाही त्याचं कुणी काय करावं हे सांगणारा विभाग आपल्याकडे नाही.’ कपाट परत पाठवा म्हणाले. किटबद्दल काही विचारायलाच तयार नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते जगातच नाही आता.

मामा, ते तुमचं झालं. कायमचं. साबणदाणीत बसव.

आणि मीही कायम झाले. साहेबांनी शेरा मारलाय: ‘कठीण प्रसंगी उपलब्ध असते.’

तुझी टिचकी


४ जुलै

टिचके बाळ,

हे पत्र मामीचं. कागदावर अर्ज होतो म्हणते मी, तर हा अर्जच समज.

तुझ्या मामाला तिकडे कामाला बोलावून घे. मी इथे येऊन बस म्हणाले ते खरं, पण हा उठायचं नावच घेत नाही. चहा करायला उठले तर मागे येतो. काही बोलले की लगेच उत्तर देतो, वर विचारतो, आणखी? माणसाने आणखी तरी किती बोलायचं! कपाट होतं तेव्हा निदान लोक यायचे. ‘कृपया लक्ष द्या. किट उपलब्ध आहे. मिळणार नाही,’ असं मी सांगायचे. डेपोत जन्मभर लोकांना हेच सांगितलं, गाडी आहे पण येणार नाही. तुमचा तो डबा खाणारा इंजिनियर इथवर येऊन गेला. त्याला मी जेवायला वाढलं, म्हटलं बघून पोट भरायचं नाही रे बाबा.

आता डबी हातात मावते. गुरुवारी तिला घेऊन आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो. मामा म्हणाला, डेपोवर जाऊ, तुझी जुनी जागा बघू. गेलो. बाकावर बसलो तर वरच्या भोंग्यातून माझाच आवाज! त्यांनी मी गेल्यावर नवीन कुणी घेतलीच नाही गं, जुनी टेपच लावतात अजून. ‘कृपया लक्ष द्या. गाडी थोड्याच वेळात सुटेल.’ गाडीचा तर पत्ता नव्हता. मला राहवलं नाही. मी डबीतून सांगितलं, ‘कृपया लक्ष द्या. तिचं ऐकू नका. ती वर्षानुवर्षं हेच सांगते.’

अख्खा डेपो एकदा भोंग्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. एका बाईने मला हात जोडून विचारलं, मग खरं काय ते तुम्ही सांगा. मी सांगितलं, चहा पिऊन या.

तुझा मामा इतका हसला की बाकावरून घसरायचा राहिला. आणि हसता हसता एकदम थांबला, डोळे पुसायला लागला. मी विचारलं, काय झालं रे? लगेच विचारलं, त्याला लगेच ऐकू गेलं.

म्हणाला, काही नाही. तू बोल.

मग मी बोलत बसले. त्या नादात गाडी आली कधी आणि गेली कधी, आम्हा दोघांनाही कळलं नाही.

तुझी मामी